चाल आणि तोल: घरी मोजणी कशी करायची आणि आकड्यांवरून उपाय कसे ठरवायचे

घरातलं वयस्कर माणूस पडलं की सगळे ओल्या फरशीला, चपलेला नाहीतर अंधाराला दोष देतात. फरशी बहुतेक वेळा निमित्तमात्र असते. कितीतरी महिने आधीपासून पावलं आखूड झालेली असतात, वळताना हात भिंतीकडे जायला लागलेला असतो, खुर्चीतून उठताना एकदा पुढे-मागे हलून जोर घ्यावा लागत असतो. बदल इतका सावकाश होतो की रोज बघणाऱ्याला तो दिसतच नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार जगभरात दरवर्षी सुमारे ६,८४,००० माणसं पडून दगावतात, आणि त्यात साठी उलटलेल्यांचं प्रमाण सर्वांत जास्त आहे.

चालण्यावरच्या संशोधनात गेल्या तीस-चाळीस वर्षांत ज्या चाचण्या टिकल्या, त्यातल्या बऱ्याच स्टॉपवॉच, मोजपट्टी आणि खुर्ची एवढ्यावर होतात. त्या घरी कशा करायच्या, निकाल कसा वाचायचा आणि पुढे काय करायचं, ते क्रमाने सांगतो. आई-वडिलांसाठी, जोडीदारासाठी किंवा स्वतःसाठीही हे करता येईल. मात्र एकट्याने करू नका. मोजणारा वेगळा आणि सांभाळायला बाजूला उभा राहणारा वेगळा, अशी दोन माणसं असली तर उत्तम.

आधी एक अट

चाल किंवा तोल अचानक, म्हणजे काही मिनिटांत किंवा तासांत बिघडला असेल, तोंड वाकडं झालं असेल, एका बाजूचा हात-पाय लुळा पडला असेल, बोलणं अडखळत असेल, तर हा लेख बाजूला ठेवा आणि थेट रुग्णालय गाठा. तो पक्षाघात असू शकतो आणि तिथे प्रत्येक मिनिट मोलाचं असतं. काही दिवसांत पायातली ताकद झपाट्याने कमी होणं किंवा पाठदुखीबरोबर लघवी-शौचावरचा ताबा जाणं, हेही तातडीचंच. पुढचं सगळं आहे ते हळूहळू बिघडत आलेल्या चालीसाठी.

पायरी १ : चालण्याचा वेग

सहा मीटर मोकळी जागा शोधा. फरशीवर चिकटपट्टीने चार मीटर अंतरावर दोन रेघा आखा. पहिल्या रेघेच्या एक मीटर अलीकडून चालायला सुरुवात करायची आणि दुसऱ्या रेघेच्या एक मीटर पुढे जाऊन थांबायचं. वेळ मोजायची ती फक्त मधल्या चार मीटरची. सुरुवातीला वेग घ्यायला आणि शेवटी थांबायला जो वेळ जातो, तो त्यात मिसळू द्यायचा नाही. पायात रोजच्या चपला-बूट, हातात रोजची काठी असेल तर काठी. सूचना एकच: "नेहमी चालता तसं चाला." परीक्षा आहे असं वाटलं की माणूस झपाझप चालतो आणि आकडा फसवा येतो. म्हणून दोनदा मोजा आणि सरासरी घ्या.

चारला सेकंदांनी भागलं की वेग मिळतो. पाच सेकंद लागले तर सेकंदाला ०.८ मीटर.

या आकड्याला वजन आहे. २०११ साली अमेरिकेतल्या स्टेफनी स्टुडेन्स्की आणि सहकाऱ्यांनी नऊ अभ्यासांतल्या ६५ वर्षांवरच्या ३४,४८५ लोकांची माहिती एकत्र केली. चालण्याचा वेग आणि पुढची आयुर्मर्यादा यांचा सरळ संबंध दिसला. ०.८ च्या आसपास वेग म्हणजे वयाप्रमाणे सरासरी आयुष्य; १.० च्या पुढे असेल तर सरासरीपेक्षा बरं. याचा अर्थ जोरात चालायला लागलं की आयुष्य वाढतं असा नाही. हृदय, फुप्फुसं, स्नायू, सांधे, नसा आणि मेंदू हे सगळे मिळून एक पाऊल टाकतात. यातलं काहीही ढासळलं की वेग खाली येतो.

पक्षाघातातून उठलेल्यांसाठी वेगळी विभागणी वापरतात. ०.४ च्या खाली वेग असेल तर वावर बहुतेक घरापुरता राहतो, ०.४ ते ०.८ असेल तर बाहेर जाता येतं पण मर्यादित, ०.८ च्या वर मोकळेपणाने. पादचारी सिग्नलची वेळ ठरवताना अनेक देशांत १.२ च्या आसपास वेग धरतात. ०.७ ने चालणाऱ्याला अर्ध्या रस्त्यात दिवा बदललेला का दिसतो, ते यावरून कळेल.

माझ्या मते एका दिवसाच्या आकड्यापेक्षा दोन आकड्यांमधला फरक जास्त बोलका असतो. ०.०५ चा फरक छोटा पण जाणवण्याजोगा मानतात, ०.१ चा फरक ठळक. मार्चमध्ये चार मीटरला ५ सेकंद लागत होते आणि जूनमध्ये ५.७ लागले, तर वेग ०.८ वरून ०.७ वर आला. डोळ्यांना हा फरक अजिबात दिसत नाही. डॉक्टरांना "हल्ली जरा हळू चालतात" असं सांगण्यापेक्षा हे दोन आकडे सांगा, संभाषणाचा नूर बदलतो.

पायरी २ : खुर्ची, वळण आणि उभं राहणं

पहिली चाचणी पायातल्या ताकदीची. सुमारे ४३ सेंटिमीटर उंचीची, हात नसलेली खुर्ची भिंतीला टेकवून ठेवा. दोन्ही हात छातीवर आडवे. ३० सेकंदांत किती वेळा पूर्ण उभं राहून पुन्हा बसता येतं, ते मोजा. उठताना हातांचा आधार घ्यावा लागला तर गुण शून्य. हे कठोर वाटलं तरी नियम तसाच आहे. पडण्याचा धोका ओळखण्यासाठी ज्या मर्यादा वापरतात, त्या अशा: ६५ ते ६९ वयात पुरुषांना १२ आणि स्त्रियांना ११, ७५ ते ७९ मध्ये ११ आणि १०, ८० ते ८४ मध्ये १० आणि ९. यापेक्षा कमी उठबशा झाल्या तर पायाची ताकद कमी पडते आहे.

दुसरी चाचणी १९९१ पासून जगभर वापरात आहे. हात असलेल्या खुर्चीतून उठायचं, तीन मीटरवरच्या रेघेपर्यंत नेहमीच्या वेगाने जायचं, वळायचं, परत येऊन बसायचं. १२ सेकंद किंवा त्याहून जास्त लागले तर पडण्याचा धोका वाढलेला समजतात. पण स्टॉपवॉचकडेच बघत राहू नका, इथे बघण्यासारखं पुष्कळ आहे. उठताना पहिला प्रयत्न फसतो का? पहिलं पाऊल टाकायला वेळ लागतो का? वळताना आधी मान आणि मग खांदे-कंबर फिरते, की सगळं शरीर एकदम, बारीक बारीक पावलं टाकत फिरतं? बसताना खुर्ची पायाला लागेपर्यंत थांबतात, की लांबूनच अंग सोडून देतात? मोबाइलवर चित्रण करून ठेवा. पुढच्या वेळी तुलनेला आणि डॉक्टरांना दाखवायलाही उपयोगी पडतं.

तिसरी चाचणी तोलाची. ओट्याजवळ उभं राहून चार स्थिती, प्रत्येकी १० सेकंद: पावलं जुळवून, एक पाऊल अर्धं पुढे, एका पावलाची टाच दुसऱ्याच्या बोटांना लावून सरळ रेघेत, आणि एका पायावर. तिसरी स्थिती १० सेकंद टिकली नाही तर काळजी घ्यायला हवी. एका पायावर उभं राहण्याची चाचणी मध्यंतरी फार गाजली. २०२२ मध्ये ब्राझीलमधल्या ५१ ते ७५ वयाच्या १,७०२ लोकांच्या अभ्यासात ज्यांना हे १० सेकंद जमलं नाही, त्यांच्यात पुढच्या सुमारे सात वर्षांत मृत्यूचा धोका ८४ टक्क्यांनी जास्त आढळला. लगेच "एका पायावर उभे राहा आणि आयुष्य वाढवा" असे संदेश फिरायला लागले. अभ्यासाने तसं काही दाखवलेलं नाही. तोल हा तब्येतीचा आरसा आहे, एवढंच त्यातून निघतं.

पायरी ३ : चालता चालता बोला

ही सगळ्यात सोपी आणि मला सगळ्यात आवडणारी चाचणी. बरोबर चालताना सहज एखादा प्रश्न विचारा, ज्याचं उत्तर द्यायला थोडा विचार करावा लागेल. माणूस चालता चालता उत्तर देतो, की आधी थांबतो आणि मग बोलतो?

१९९७ साली स्वीडनमधल्या संशोधकांनी वृद्धांच्या निवासातल्या ५८ जणांवर एवढंच पाहिलं. बोलण्यासाठी १२ जण थांबले, आणि त्यातले १० जण पुढच्या सहा महिन्यांत पडले. निरोगी माणसाचं चालणं बऱ्याच अंशी आपोआप चालतं. ते आपोआप होईनासं झालं की मेंदूला त्याच्याकडे जाणीवपूर्वक लक्ष द्यावं लागतं, आणि मग दुसऱ्या कामाला लक्ष उरत नाही. म्हणूनच मंद चाल आणि विस्मरणाची तक्रार एकाच वेळी दिसली तर ती पुढच्या डिमेन्शियाची (स्मृतिभ्रंशाची) पूर्वसूचना असू शकते. अमेरिकेतले न्यूरोलॉजिस्ट डॉ. जो वर्गेस यांच्या गटाने २०१३ मध्ये या जोडीला स्वतंत्र निदानाचं नाव दिलं.

मोजायचं असेल तर पहिल्या पायरीतलेच चार मीटर पुन्हा चालायला लावा, यावेळी १०० मधून तीन-तीन वजा करत. वेळ किती वाढते ते टिपा. वेळ बरीच वाढत असेल तर घरात एक नियम करा: जिना चढता-उतरताना आणि न्हाणीघराकडे जाताना त्यांना हाक मारायची नाही, काही विचारायचं नाही.

पायरी ४ : दुरुस्त होण्याजोगी कारणं आधी शोधा

व्यायाम आणि काठीच्या आधी हे करा. हा टप्पा बहुतेक घरांत वगळला जातो, आणि कधी कधी सगळं उत्तर इथेच असतं.

रक्तदाब झोपून आणि उभं राहून मोजा. पाच मिनिटं पडून राहिल्यावर एकदा, उभं राहिल्यावर एका मिनिटाने आणि तीन मिनिटांनी. वरचा आकडा २० किंवा खालचा १० ने उतरला, तर उभं राहताना मेंदूला रक्त कमी पडतं आहे. वयस्कर लोकांत, पार्किन्सनमध्ये आणि जुन्या मधुमेहात हे बऱ्याचदा दिसतं. मग गोळ्यांची यादी काढा: झोपेच्या, नैराश्यावरच्या, रक्तदाबाच्या, लघवी वाढवणाऱ्या, गुंगी आणणाऱ्या ॲलर्जीच्या. यादी डॉक्टरांपुढे ठेवा, पण गोळ्या आपल्या मनाने बंद करू नका. झोपेच्या काही गोळ्या एकदम सोडल्या तर झटके येऊ शकतात.

पायांची संवेदना तपासा. डोळे मिटून पावलं जुळवून उभं राहता येतं का, ते एका माणसाने अगदी जवळ राहून पाहायचं. डोळे उघडे असताना ठीक आणि मिटले की झोक जात असेल, तर तळपायातून मेंदूकडे जाणारी माहिती कमी पडते आहे. मधुमेह आणि बी-१२ ची कमतरता ही दोन कारणं तपासून घ्या. असा माणूस उजेडात नीट चालतो आणि रात्री पडतो. त्याच्या पलंगापासून न्हाणीघरापर्यंत रात्रभर मंद दिवा हवाच.

नजरेचं म्हणाल तर मोतीबिंदूची शस्त्रक्रिया लांबवू नका. चष्मा दुहेरी भिंगाचा असेल तर जिना उतरताना खालच्या भिंगातून पायरी धूसर दिसते. ऑस्ट्रेलियातल्या एका चाचणीत नियमित बाहेर फिरणाऱ्यांना बाहेरसाठी फक्त लांबचं दिसणारा साधा चष्मा दिल्यावर पडणं कमी झालं. पण जे क्वचितच बाहेर पडत, ते उलट बाहेर जास्त पडले. तेव्हा हा सल्ला सरसकट देण्यासारखा नाही.

पायरी ५ : चालीचा ढंग वाचा

निदान न्यूरोलॉजिस्टच करतील. तुम्ही काय पाहिलंत ते नेमकं सांगता यावं, यासाठी हे.

एक हात चालताना कमी हलतो, पावलं घासत पडतात, अंग पुढे झुकतं: पार्किन्सन. एक पाय अर्धवर्तुळात बाहेरून फिरून येतो, अंगठा फरशीला घासतो: जुना पक्षाघात. दोन पायांत जास्त अंतर ठेवून, नशेत असल्यासारखी डुलती चाल: लहान मेंदू. पाय ताठ पडतात आणि शर्टाची बटणं लावायलाही जड जातं: मानेतल्या मज्जारज्जूवर दाब असू शकतो. कुशीवर वळताना खोली गरगर फिरते: आतल्या कानातले सूक्ष्म खडे जागचे हलले असतील, आणि त्यावर डोकं ठरावीक क्रमाने वळवण्याचा उपचार आहे.

एका चालीबद्दल जरा जास्त सांगायला हवं. पावलं फरशीला चिकटल्यासारखी उचलतच नाहीत, दोन पायांत जास्त अंतर ठेवलेलं असतं, आणि त्याबरोबर लघवीची घाई आणि विसराळूपणा सुरू झालेला असतो. मेंदूतल्या पोकळ्यांमध्ये द्रव साठण्याचा हा विकार सालोमोन हकीम आणि रेमंड ॲडम्स यांनी १९६५ मध्ये मांडला. पाठीतून ३० ते ५० मिलिलिटर द्रव काढून चालीत फरक पडतो का ते बघतात. आधी आणि नंतर चालण्याचा वेग मोजतात. फरक पडला तर शंट (साठलेला द्रव वाहून नेणारी बारीक नळी) बसवून माणूस पुन्हा नीट चालू लागण्याची चांगली शक्यता असते. "वय झालं" किंवा "पार्किन्सन असेल" म्हणून ही मंडळी वर्षानुवर्षं तशीच राहतात, याची चुटपुट लागते.

पायरी ६ : तोलाचा व्यायाम

"रोज सकाळी फिरायला जातात की!" हे वाक्य नेहमी ऐकू येतं. फिरणं हृदयाला, साखरेला, मनाला चांगलं. पण नुसत्या फिरण्याने पडणं कमी होतं, असं संशोधनात स्पष्ट दिसलेलं नाही. सपाट रस्त्यावर सरळ चालताना तोलाची परीक्षाच होत नाही. २०१९ च्या कॉक्रेन आढाव्यात (अनेक चाचण्यांचे निकाल एकत्र तपासणारा अभ्यास) १०८ चाचण्या आणि २३,४०७ लोक होते. व्यायामाने पडण्याचं प्रमाण एकूण २३ टक्क्यांनी उतरलं. तोलाचे व्यायाम आणि ताकदीचे व्यायाम एकत्र केले तिथे सुमारे ३४ टक्क्यांनी. आठवड्याला तीन तासांचं माप धरा आणि ते महिनोन्‌महिने चालू ठेवा.

सुरुवात उठबशांपासून करा. खुर्चीच्या कडेला सरका, टाचा गुडघ्यांच्या थोड्या मागे घ्या, नाक पायाच्या बोटांच्या वर येईल इतकं पुढे वाका आणि मग उठा. बरेच लोक सरळ वर उठायला जातात आणि मागे आपटतात. पुढे वाकण्याची भीती गेली की निम्मं काम होतं. बसताना तीन आकडे मोजत सावकाश बसा. खरी ताकद उतरताना येते.

मग ओट्याला धरून टाचा उचलणं, बोटं उचलणं, कडेकडेने चालणं, टाचेला बोटं लावून चालणं, मागे चालणं, वळणं. यातली किल्ली आधार हळूहळू कमी करण्यात आहे. आधी दोन्ही हात ओट्यावर, मग एक, मग फक्त एक बोट, मग हात ओट्याच्या वर हवेत तरंगता. अंग जरासं डगमगायला हवं. अजिबात डगमगत नसेल तर तो व्यायाम सोपा झाला, पुढच्या टप्प्यावर जा. पण कुणी रोज भीतीने घामाघूम होत असेल तर एक टप्पा मागे या. न्यूझीलंडमधल्या ओटॅगो कार्यक्रमात हेच व्यायाम घरी, आठवड्यातून तीनदा, पायाला छोटी वजनं बांधून करवले जात. फिजिओथेरपिस्ट अधूनमधून येऊन व्यायाम वाढवून जात, एवढंच.

यंत्रांविषयी एक. पक्षाघातानंतर कमरेला पट्टे बांधून ट्रेडमिलवर चालवण्याचा महागडा उपचार आणि फिजिओथेरपिस्टने घरी येऊन करवलेले ताकद-तोलाचे व्यायाम यांची तुलना २०११ मध्ये ४०८ रुग्णांवर झाली. वर्षाअखेर दोन्ही गट सारखेच सुधारले होते.

पार्किन्सनमध्ये पाय गोठतात तेव्हा

दारातून जाताना, वळताना, चालायला लागताना पाय एकाएकी जमिनीला खिळतात. मागून ढकलू नका, हाताला धरून ओढू नका. धड पुढे जातं, पाय जागीच राहतात आणि माणूस तोंडावर आपटतो. त्याऐवजी सांगा: थांबा, श्वास घ्या, वजन एका पायावरून दुसऱ्यावर घ्या, आता मोठं पाऊल. फरशीवर आडव्या पट्ट्या एकेका पावलाच्या अंतरावर चिकटवल्या तर त्या ओलांडत माणूस चालू लागतो. मेट्रोनोमच्या (ठरावीक लयीत टकटक करणाऱ्या यंत्राच्या) ठोक्यावर चालणंही उपयोगी पडतं. ठोका त्यांच्या नेहमीच्या गतीच्या जवळपास ठेवा.

असं का होतं, याचं एक विलक्षण उदाहरण नेदरलँड्समधल्या डॉक्टरांनी २०१० मध्ये नोंदवलं. ५८ वर्षांच्या या रुग्णाला काही पावलंही धड टाकता येत नव्हती, पण तो सायकल मात्र उत्तम चालवायचा. चालण्याची आपोआप चालणारी वाट बंद पडली तरी मेंदूतल्या दुसऱ्या वाटा शाबूत असतात, आणि पट्ट्या किंवा ठोके त्या उघडून देतात.

वळताना जागेवर गिरकी घ्यायची नाही, मोठा वळसा घ्यायचा. पाय गोठण्याच्या वेळा आणि गोळ्यांच्या वेळा शेजारी शेजारी लिहून ठेवा. गोळीचा असर उतरताना पाय गोठत असतील तर डॉक्टर वेळापत्रक बदलू शकतात. ताई-ची या संथ लयीतल्या चिनी व्यायामाचा फायदाही इथे सिद्ध झालेला आहे: २०१२ मध्ये १९५ रुग्णांवरच्या चाचणीत आठवड्यातून दोनदा, २४ आठवडे केलेल्या ताई-चीने तोल सुधारला आणि पडणं कमी झालं.

काठी, आणि पडल्यावर

रोजचे बूट घालून, हात सैल सोडून सरळ उभं राहा. काठीची मूठ मनगटाच्या घडीशी आली पाहिजे. काठी चांगल्या पायाच्या बाजूच्या हातात धरायची आणि दुखऱ्या पायाबरोबर पुढे टाकायची. बहुतेक जण नेमकं उलटं करतात. जिना चढताना चांगला पाय आधी, उतरताना दुखरा आधी.

पडल्यावर कसं उठायचं, याचा सराव गादीवर करून ठेवा. कुशीवर वळायचं, कोपरावर टेकून हातागुडघ्यांवर यायचं, रांगत भक्कम खुर्चीपर्यंत जायचं, दोन्ही हात बैठकीवर ठेवून चांगला पाय पुढे रोवायचा आणि जोर देऊन वर येऊन वळून बसायचं. मदतीला आलेल्याने काखेत हात घालून उचलू नये, खुर्ची जवळ आणून द्यावी. जांघेत किंवा कमरेत जोराची कळ येत असेल, एक पाय आखूड किंवा बाहेर वळलेला दिसत असेल, तर हलवू नका, रुग्णवाहिका बोलवा. आणि रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल, डोकं आपटलं असेल, तर माणूस हसत बोलत असला तरी त्याच दिवशी रुग्णालयात दाखवा. डोक्यातला रक्तस्राव कधी कधी काही तासांनी लक्षात येतो.